थपडेचे अकरा दिवस

९ मार्च
एका थपडेची खरी किंमत: करीमचा एक दात (हलतच होता), माझ्या उजव्या पंजाला सूज आणि अकरा दिवस. करीम माझा सेंट्रिंगवाला, स्लॅबखाली फळ्या-टेकू लावणारा. थप्पड खाऊन सात माणसांसकट उमरीला निघून गेला तो आज परतला. लोहा गावातल्या फंक्शन हॉलचा ठेका माझा, त्याचा स्लॅब आजच ओतायचा होता.

भांडण बोकडावरून. स्लॅबच्या दिवशी कामगारांना बोकड द्यायची रीत. पण हॉलचे मालक मन्मथअप्पा लिंगायत, त्यांच्या जागेत अंडंसुद्धा फुटत नाही. मी पुरणपोळी जाहीर केली. करीम सगळ्यांपुढं म्हणाला, मालक, पुरणपोळीवर कुठं स्लॅब चढत असतो का? त्यानंतर जे झालं ते हातानं केलं, मी नाही.

संकल्प: यापुढं हात उचलायचा नाही.

१० मार्च, सकाळी ११
हात उचलला नाही. प्लंबरला लाथ घातली. लाथेचा संकल्प नव्हता.

११ मार्च
इंजिनिअर धम्मानंदनं भिंतीवर चार्ट लावला. क्रिटिकल पाथ. सेंट्रिंग, स्लॅब, मग एकवीस दिवस टेकूला हात लावायचा नाही, मग हॉलचं प्लास्टर, फरशी. ही कामं लाल. यातलं एक काम दिवसभर लांबलं की हॉल एक दिवस लांबला. बाकीची हिरवी, पुढंमागं चालतात. मी पंधरा वर्षं घमेलं वाहिलं, मला हे चार्टाशिवाय कळतं. मूळ हिशेबानं हॉल ३ मेला तयार. ७ मेला अप्पांच्या आरतीचं लग्न त्याच हॉलात, पत्रिका वाटून झाल्या. आता चार्ट १४ मे म्हणतो.

अप्पा येऊन म्हणाले, शेषेराव, पोरीचं वऱ्हाड रस्त्यावर थांबलं तर मांडवाचे बांबू तुझ्या बरगड्यात रोवीन. प्रेमळ माणूस. मी म्हटलं, मी साइटवर हाय तवर तारीख चुकत न्हाई. मी नसलो तर तिथं वीट हलत न्हाई.

धम्मानंद म्हणतो, टेकू असेपर्यंत डायनिंगची फरशी आणि खोल्यांचं प्लास्टर उरकू, मग सगळी माणसं हॉलवर, सात दिवस सहज निघतात. नको म्हटलं. माणसं चार ठिकाणी पांगली की दिसत नाहीत. दिसली नाहीत तर शिस्त कुणाला लावू?

२० मार्च
स्लॅब ओतून झाला. बोकड रस्त्यापलीकडच्या वावरात शिजला. अप्पा म्हणाले, रस्त्याच्या पल्याडचं मला दिसत न्हाई, मोतीबिंदू हाय.

डिझेल संपल्याचं मिक्सरवाल्यानं दुपारी सांगितलं. घमेलं फेकलं. तो वाकला. मागं धम्मानंद होता. कपाळाला चार टाके. चूक सरळसरळ मिक्सरवाल्याची, वाकायचं कशाला?

२८ मार्च
माझे कान तिखट. पत्र्याआड धम्मानंद करीमला सांगून राहिला होता, ह्या कामाला पावसाची रिस्क न्हाई, सिमेंटची न्हाई, सगळ्यात मोठी रिस्क मालक हाय. करीम म्हणाला, चार्टात लिव्ह की मग लाल पेनानं. दोघं हसले.

टाके पडले तरी पोरगा खरं बोलतो. मला काही झालं तर काम बुडालंच. उद्यापासून हेल्मेट घालीन.

२ एप्रिल
सात दिवस कमी पडतात. म्हणजे टेकू सात दिवस आधी काढायचे. इतकं सोपं गणित इंजिनिअरला सुचलं नाही. करीम म्हणाला, मालक, लग्न कवा हाय ते सिमेंटला कळत न्हाई. हजार माणूस खाली जेवाया बसणार, वरून स्लॅब वाढायचा का?

उद्या स्वतः काढतो.

४ एप्रिल, लातूर
डाव्या हातानं लिहितोय. काल घण घेऊन पहिला टेकू उडवला. दुसऱ्याला करीम मिठी मारून उभा. बाजूला सर म्हटलं. न्हाई सरत म्हणाला. घण उचलला. त्यानं दांडा धरला, पिरगाळला, तोच दांडा माझ्यावर घातला. उजवा हात दोन ठिकाणी, गळ्याजवळचं हाड एका ठिकाणी. डॉक्टरला घसरलो सांगितलं. केस करणार नाही. मन मोठं ठेवावं. शिवाय साक्षीदार बारा, बाराही त्याच्या बाजूचे.

करीमनंच टेम्पोनं आणलं. पण आधी पडलेला टेकू परत लावला, मग मला उचललं. हा क्रम मी विसरणार नाही.

१३ एप्रिल
ऑपरेशन झालं. डॉक्टर महिना भरल्याशिवाय सोडत नाही. वॉर्डबॉयला उशी फेकून मारली, डाव्या हातानं नेम लागत नाही. दिवसाला चौदा फोन करतो, साइटवर कुणी उचलत नाही. काम ठप्प असणार. लाजेनं उचलत नसतील. अप्पांच्या पोरीची काळजी वाटते.

२२ एप्रिल
धम्मानंदनं एकदाच उचलला. मागं फरशी कापायच्या मशीनचा आवाज. म्हणाला, मालक, आराम करा, आणि ठेवला. मशीन रिकामंच चालवून मला ऐकवत असणार. गेल्यावर बघतो एकेकाला.

४ मे
सुट्टी मिळाली. लातूरहून सरळ साइटवर गेलो. कुणाला बघायची गरज पडली नाही, कुणी नव्हतंच. फक्त अप्पा हॉलात खुर्च्या मांडून घेत होते. म्हणाले, ये शेषेराव, बस, हात कसा हाय?

हॉल काल, ३ मेला, पूर्ण झाला. शेवटचे तीस दिवस मी लातूरला होतो.