हरणीचा खुराक

चांदवड, मळ्यातून
२ फेब्रुवारी १९९९

ती. दादास,

मनीषाचा नमस्कार. आईचा गुडघा आता कसा आहे? वहिनींना आणि सनीला आठवण सांग. इकडे सगळे बरे आहेत. उन्हाळ कांद्याच्या लागणी उरकल्या, गव्हाला पाणी देणं चालू आहे.

मुद्दाम लिहिण्याचं कारण म्हणजे हरणी. सासऱ्यांनी सांगितलं आहे, "डॉक्टरांना कळव, कुत्री भरायच्या ऐवजी उतरत चालली. जत्रेतली शर्यत दीड महिन्यावर आली. खुराक बदलायचा का ते लिहून पाठवा म्हणावं." एवढा निरोप होता, तो पोचवला. आता पुढचं माझं.

डिसेंबरात तू मोटारसायकलवरून आलास. मला वाटलं, सुपारी फुटल्यापासून दीड वर्षात पहिल्यांदा भाऊ बघायला आला. तू आला होतास हरणीसाठी, जनावरांचा डॉक्टर म्हणून. तासभर तिच्याजवळ बसलास. फासळ्यांवरून हात फिरवून सासऱ्यांना म्हणालास, "तात्या, फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्याला दिसता कामा नयेत." तिच्या हिरड्या पाहिल्यास. डोळ्याची खालची पापणी ओढून म्हणालास, "रंग झकास आहे. रक्त भरपूर." मी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन तुझ्या शेजारी उभी होते, दादा. सहावा महिना होता. तू कप उचललास आणि वर न बघता म्हणालास, "साखर कमी टाकत जा."

मग तू तक्ता लिहून दिलास. रोज चार अंडी, अर्धा किलो खिमा, आठवड्यातून दोनदा कलेजी, वरून चमचाभर चरबी. भाकरी नावाला. पळणाऱ्या जनावराचं भाकरीने पोट भरतं, दम मात्र मांसा-चरबीतूनच येतो, हे सगळं तू सासऱ्यांना किती जीव लावून समजावलंस! पळण्याआधी पोट रिकामं ठेवा, पळून आल्यावर धाप ओसरली की मग मुख्य जेवण द्या. तो कागद यांनी खळ लावून पडवीच्या भिंतीवर चिकटवला. स्वयंपाकघरात नाही, कारण हे घर माळकरी. घरात अंड्याचं नाव काढलं तरी सासूबाई चूळ भरतात. म्हणून हरणीची चूल वेगळी, पातेली वेगळी आणि रांधणारी मी. का, तर माझ्या माहेरी खातात, मला सवय आहे.

यांची वाडवडिलांपासून कारवानी कुत्री. पूर्वी डोंगरात ससे धरायची, आता शिकार बंद म्हणून जत्रेत पळवतात. मागच्या वर्षी हरणी दुसरी आली, तेव्हापासून सासऱ्यांना दुसरं काही सुचत नाही. ठीक आहे. कुत्रीवर जीव लावू नये असं मी म्हणत नाही. पण यशोदाबाई सिस्टर तपासायला आल्या, त्यांनी माझं रक्त काढलं. हिमोग्लोबिन सात भरलं. त्या सासूबाईंना म्हणाल्या, "हिला अंडी द्या, नाहीतर बाळंतपणात जड जाईल." सासूबाई म्हणाल्या, "आम्ही काय अंडी खाऊन बाळंत झालो? आन् आता जास्त खाल्लं तर पोर मोठं होऊन आडंल." दुसऱ्या दिवसापासून माझी तिसरी भाकरी बंद झाली. हे मनमाडला गेले की हॉटेलात मटण खाऊन, पान चघळत येतात. त्यांची माळ तेव्हा कुठे असते, हे विचारायची सोय नाही. कुत्रीच्या पातेल्यातलं चालतं, नवऱ्याच्या पोटातलं चालतं, सुनेच्या ताटात आलं की घर बाटतं!

मी तुला दिवाळीत लिहिलं होतं, मला लवकर घेऊन जा. तू लिहिलंस, वरच्या मजल्याचं काम निघालं आहे, नवव्यात बघू.

असो. हरणी उतरली त्याचं सांगते. परवा ओढ्यापलीकडे तिला पळवून पाहिली, ती पार मागे पडली. सासरे तडक पडवीत आले. "अर्धा खुराक जातो कुठं?" गोठ्यामागे अंड्यांची टरफलं सापडली, कोणी लपवून खाल्ल्यासारखी मातीत दाबलेली. नवसाबाईला बोलावलं. ही आमच्याकडे शेण काढते, हरणीची पातेली घासते. एकटीच आहे, तिला मूलबाळ नाही. कांदे निंदायला आलेली दहा माणसं अंगणात उभी होती. सासऱ्यांनी विचारलं, "तू खाल्ली का गं?" तिने माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाली, "व्हय. म्या खाल्ली."

यांनी पायातली चप्पल काढून तिला मारली. दोनदा. "कुत्र्याच्या तोंडचं खाते!" म्हणाले. ती पदर सावरून निघून गेली. तेव्हापासून तिला सगळे चोरटी म्हणतात.

तिने एकही अंडं खाल्लेलं नाही.

मी खाल्ली, दादा. सिस्टरांनी सांगितलं त्या दिवसापासून. आधी एक, मग दोन. खिमासुद्धा, मीठ नसलेला, उभ्या उभ्या, पातेल्यातूनच. नवसाबाईने मला एकदा पाहिलं होतं. ती दारात पाठ करून उभी राहिली, कोणी येऊ नये म्हणून. आणि तिला मारलं तेव्हा मी खांबाला धरून उभी राहिले आणि गप्प बसले. हे सांगायला मला तीन पानं लागली. तुझा राग, सासूबाईंचा राग, सगळा आधी लिहून काढला, कारण हे लिहायचं नव्हतं.

आता तूच सांग, तक्त्यात काय बदलायचं ते. आणि मला घेऊन जा.

तुझी,
मनीषा

---

मनमाड, कुसामावशीकडून
३० मार्च १९९९

दादा,

मी खुशाल आहे. मुलगी झाली आहे. सव्वादोन किलो भरली, पण रडते चांगली.

तुझं उत्तर फेब्रुवारीच्या शेवटी मिळालं होतं. त्यात तीन ओळी माझ्यासाठी होत्या: "जुळवून घे. झालं ते कोणाला बोलू नकोस. लोहाची बाटली पाठवत आहे." आणि दीड पान हरणीसाठी होतं. अंडी चाराची सहा कर, चरबी हळूहळू वाढव, एकदम वाढवलीस तर पोट बिघडेल. किती काळजीने लिहिलंस! मी ते पान वाचून सासऱ्यांच्या हातात दिलं आणि बाटली फळीवर ठेवली.

चौथ्या दिवशी सकाळी अंगणात माणसं जमली होती. शर्यतीला गाडी कोणाची न्यायची, कोण कुठे उभं राहणार, याचं बोलणं चाललं होतं. मी पदर खोचून बाहेर गेले. म्हटलं, "तात्या, नवसाबाईने काही खाल्लं नाही. हरणीची अंडी मी खात होते."

हे म्हणाले, "आत जा. डोकं फिरलंय हिचं."

"फिरलं नाही. रक्त कमी होतं म्हणून खाल्ली. तुमच्या नातवंडासाठी खाल्ली. मागितली असती तर दिली असती का?"

निंदणारा झुंबर म्हणून म्हातारा आहे, तो तेवढा हळूच म्हणाला, "पोटुशी बाई कुत्र्याचं खाती, तात्या. ही लाज कुणाची म्हनायची?" सासरे उठून मळ्यात निघून गेले. सासूबाईंनी मी उभी होते तिथे शेणपाणी शिंपडलं आणि पिशवी बाहेर आणून ठेवली. "भावाकडं जा. त्यानंच शिकवलंय तुला मांस खायला."

भावाकडे! मला हसू आलं, दादा, खरंच.

मी नवसाबाईकडे गेले. दारात बसून म्हटलं, "माझ्यामुळे मार खाल्लास. मी तोंड उघडलं नाही." ती तव्यावर भाकरी टाकत होती. म्हणाली, "तोंड उघडलं असतं तं तुला मारलं असतं. मला मारलं तं एकलीलाच लागलं. तुला मारलं असतं तं दोघांला लागलं असतं." मग म्हणाली, "पन बोलली ते बरं केलं. लय जड झालं व्हतं." मला वाटलं, ती माझ्याबद्दल बोलते आहे. नंतर कळलं, स्वतःबद्दल बोलत होती. गावात पाण्याला गेली की बाया तिच्यापासून हंडा बाजूला घेत होत्या.

दहा दिवस मी तिच्या खोपीत राहिले. तिच्याकडे कोंबड्या आहेत, तीन. त्या घालतील तेवढी अंडी ती मला उकडून द्यायची आणि समोर बसून, मी सगळं संपवेपर्यंत उठायची नाही. कळा पंधरा दिवस आधी सुरू झाल्या. तिने आणि यशोदाबाईंनी मिळून जीप मिळवली. सरकारी दवाखान्यात रक्ताची एक बाटली लागली. ती झुंबरच्या मुलाने दिली. यांना निरोप गेला होता. ते आले नाहीत, कारण त्याच दिवशी जत्रा होती.

हरणीचं विचारशील म्हणून लिहिते. आधी अर्धपोटी राहिलेलं सगळं एकदम भरून काढायला म्हणून त्यांनी शर्यतीच्या सकाळी तिला शेरभर खिमा आणि चरबी चारली. तक्ता भिंतीवरच होता. ती निम्म्या वाटेत ओकली आणि खाली बसली. जिवाला धोका नाही. सासरे म्हणतात, सुनेचा तळतळाट. नाही, तात्या, भरल्या पोटी पळवली म्हणून. हे त्यांना तू सांग, तुझं ते ऐकतात. तिच्यावर माझा राग नाही. ते जनावर माझ्या हातचं खायचं आणि मी तिच्यातलं काढून घेताना शेपूट हलवत बघत राहायचं. त्या घरात तेवढंच एक माझ्यासोबत वाटून खात होतं.

दवाखान्यातून मावशीने मला इथे आणलं. काकांची रेल्वेची दोनच खोल्यांची जागा आहे, पण मावशीने विचारलंसुद्धा नाही, किती दिवस राहणार. नवसाबाई बारशाला आली होती. पाळण्यात नाव आत्याने ठेवायचं असतं, ते तिने ठेवलं. सृष्टी. तिला कोणाकडून तरी ऐकून आवडलं होतं.

हे परवा आले होते. म्हणाले, झालं गेलं विसर, घरी चल. मी म्हटलं, ज्या अंगणात चप्पल मारली तिथेच, तेवढीच माणसं बोलवा, नवसाबाईची माफी मागा, मग मी विचार करेन. ते चहा न पिताच उठले. म्हणजे मी बहुधा जाणार नाही. मावशीने बालवाडीत शब्द टाकला आहे. माझं बारावीचं सर्टिफिकेट तुझ्या कपाटात आहे, ते पाठव.

आता शेवटचं. आईला वाचता येत नाही. माझं पहिलं पत्र तू तिला वाचून दाखवलंस ते कसं, हे मावशीने आईला फोन केला तेव्हा कळलं. "सगळे बरे आहेत, गव्हाला पाणी चालू आहे, तुझ्या गुडघ्याची चौकशी केली आहे." एवढंच. बाकी तीन पानं तू तिच्यासमोर नुसती उलटलीस. म्हणून हे पत्र मी दोनदा लिहून काढलं आहे, पहिल्याची नक्कलही आठवून केली आहे. एक पाकीट तुला. दुसरं तुमच्या शेजारच्या मंगळूमास्तरांच्या नावाने, कालच टाकलं. ते शाळेत धडा वाचतात तसं मोठ्याने, एक शब्द न सोडता वाचतात. हे तुझ्या हातात पडेल तोवर आईचं ऐकून झालेलं असेल.

ती आता गप्प बसली असेल तर तिच्यासमोर जा आणि उभा राहा.

तिची मुलगी,
मनीषा