पांढऱ्या गच्चीवर ओल्या कुरोड्या

१६ एप्रिल, बुध.
वरच्या खोलीतल्या भाडेकरू पोरींच्या नर्सिंग कॉलेजच्या मॅडम येऊन गेल्या. नवा नियम काढलाय. पोरी भाड्यानं राहतात ती खोली दुपारी तीनला, पंखा-कूलर बंद ठेवून, बाहेरच्यापेक्षा पाच डिग्री तरी थंड पाहिजे. दिवे एलईडी, मीटर वेगळं. नसेल तर एक मेपासून पोरी कॉलेजच्या नव्या इमारतीत, गावाबाहेर.
म्हटलं, "मॅडम, ब्रह्मपुरीच्या उन्हाले सांगितला का हा नियम?"
हसल्या. नियम मात्र तसाच ठेवून गेल्या.
दिवे, मीटर झालेलंच आहे. राहिली गच्ची. काळी स्लॅब, दुपारी पाणी टाकलं की चर्र आवाज येतो.

१७ एप्रिल, गुरु.
बायकोला सांगितलं. रत्नाचा घास हातातच.
"पोरी गेल्या तं मी कोणासंग भांडू?"
"मी हावो ना."
"तुमच्यासंग भांडून पोट नाई भरत जी."
खरं आहे. वरची खोली वर्षभर रिकामी होती तेव्हा ही दोन खोल्यांत दोन रेडिओ लावून ठेवायची. आता गरज नाही. एटापल्लीची रंजू टाच न टेकवता चालते, सिंदेवाहीची प्रणाली टाचेवरच. पंधरा वर्षं नाटकांच्या मांडवात भोंगे बांधले, कान तयार आहेत. खाली बसून सांगतो वर कोण उठलं, कोणाची बादली, कोणाचा मोबाइल पडला. हे आवाज बंद झाले तर... नको.
गच्ची तापू नये म्हणून चुना मारायचा. डिंक घालून.

२० एप्रिल, रवि.
गच्ची पांढरी! दोन हात मारले. मी, पोरी, तीन कुंचे. प्रणालीनं रंजूच्या नाकाला चुना लावला, रंजू गोंडीत काहीतरी बोलली, अर्थ विचारला तर दोघी खो-खो. मी पण हसलो, माझ्याबद्दलच असणार.
दुपारी वरच्या खोलीत जाऊन बसलो. छताला हात लावला. लावून ठेवता आला!

२२ एप्रिल, मंगळ.
घरात बॉम्ब. रत्नानं गव्हाचा चीक काढून कुरोड्या घातल्या, नेहमीसारख्या गच्चीवर, साडी अंथरून. संध्याकाळी वरून कडक, खालून ओल्याच. इतकी वर्षं खालून स्लॅब भाजायची, वरून ऊन. आता स्लॅबच थंड.
"मुलीच्या सासरी काय पाठवू? तुमचा चुना?"
"अवो, पोरींसाठी केलं ना."
"पोरी माह्याच हायेत. कुरोड्याबी माह्याच हायेत."
जेवणात वाढलं सगळं, पण पातेलं जरा जोरात ठेवलं. ऐकू आलं.

२४ एप्रिल, गुरु.
दुपारी आडवा झालो होतो. गच्चीवर खर्र खर्र, खर्र खर्र. माकडं असतील. दोनदा "हुड्डूत" ओरडलो. आवाज थांबला, मग पुन्हा हळू सुरू. भलती हिंमतवान माकडं.

२५ एप्रिल, शुक्र.
रत्ना खुशीत. कुरोड्या खळखळ वाजतात म्हणाली. ऊन वाढलं असेल. मॅडम उद्या येणार मोजायला. मी निश्चिंत.

२६ एप्रिल, शनि.
लिहितानाही हसू येतंय, पण दुपारी घाम फुटला होता.
मॅडम तीनला आल्या. दाराजवळ थर्मामीटर धरला, सात डिग्री कमी. मी मिशीला हात लावला. मग रंजूच्या खाटेवर धरला, जेमतेम तीन. मॅडम छताकडे बघतात, मी मॅडमकडे.
"वर काय आहे, काका?"
"काई नाई जी. चुना."
सगळे वर गेलो. पांढऱ्याशुभ्र गच्चीच्या मधोमध काळा चौकोन, खरवडून काढलेला, बरोबर रंजूच्या खाटेवर. त्यावर साडी. साडीवर कुरोड्या.
माझी माकडं!
मॅडम म्हणाल्या, "हे कोणी केलं?"
रत्ना पदर खोचून पुढे. "म्या. तारेच्या घासणीनं. मले काय मालूम, खाली ह्याच पोरीची खाट हाय म्हणून."
प्रणाली फिसकन हसली, आणि मॅडमही.
"काकू, एक सांगा. कुरोड्या पाहिजेत की पोरी?"
"दोनी."
मॅडमनी एक कुरोडी मोडून तोंडात टाकली. तशीच, न तळता. "मंगळवारी परत येते. तेव्हा खोलीत सगळीकडे पाच आलं पाहिजे. नाहीतर काकू, माझ्या हातात नाही. एक तारखेला मुली हलतील."
त्या गेल्यावर रत्ना गच्चीतच बसून राहिली. रंजू तिच्याजवळ जाऊन बसली. म्हणाली, "काकू, मले रात्री गरम झालं, पण मी म्हटलं ताप असन."
रत्ना तिच्या कपाळाला हात लावून बघते आहे. ताप नाही हे सगळ्यांना माहीत.

२७ एप्रिल, रवि.
चौकोन पुन्हा पांढरा. कुंचा रत्नाच्या हातात. मला हात लावू दिला नाही. "तुमी माकडं हाका."
दोन सुंभाच्या बाजा वर नेल्या, त्यांवर साडी, साडीवर चिकाच्या नव्या कुरोड्या. बाजेखालून पांढऱ्या गच्चीची तिरीप इतकी मारते की डोळे मिटतात. वाळतील बहुतेक. उद्या-परवाचं कडक ऊन मिळालं पाहिजे.

२९ एप्रिल, मंगळ.
ढग! एप्रिल संपत आला आणि वैनगंगेकडून काळे ढग. गार वारा. आख्खी ब्रह्मपुरी खुश, चौकात लोक खुर्च्या टाकून बसलेत.
मॅडमचा फोन. "अशा हवेत मोजून काय फायदा, काका? बाहेरच थंड आहे. ऊन पडलं की सांगा. पण उद्यापर्यंतच हं."
आयुष्यभर उन्हाला शिव्या दिल्या, आज वर तोंड करून त्याची मनधरणी.

३० एप्रिल, बुध.
सकाळपासून चौघं गच्चीत. पोरींचं सामान बांधलेलं नाही. प्रणाली म्हणते बांधणारच नाही, बांधलं की जावं लागते. कुरोड्या दमट. रत्ना एकेक उलटी करते आहे, झोपलेल्या लेकरासारखी.
खालून दूधवाल्यानं हाक मारली, "काऊन जी भाऊ, मस्त गारवा सुटला ना?"
मी तोंड उघडायच्या आत रत्ना कठड्यावरून ओरडली, "गारवा गेला खड्ड्यात!"
तो सायकलीवरून पडता पडता वाचला. रंजू हसून हसून खाली बसली.

दु. सव्वादोन. सिंदेवाहीकडे ढगांत जरा फाटल्यासारखं वाटतंय. रंजू म्हणते, फाटलं. प्रणाली म्हणते, नाई. रत्नानं बाज तिकडे ओढली. माझ्या हाताची सावली पडते का, हे मी मघापासून बघतोय. आत्ता नव्हती. आत्ता आहे. आत्ता... मॅडमचा नंबर लावतो, त्या पोचेपर्यंत ऊन टिकलं तर...