मेट्रोच्या जिन्याशी

प्रिय बाबा,

फोनवर आपण रोजच बोलतो, तरी हे लिहून पाठवते आहे, कारण तुमच्यासमोर माझी वाचाच बसेल. एक मोठी जबाबदारी तुमच्यावर सोपवायची आहे आणि मला तुमची भीती वाटते आहे. शाळेत गणितात नापास झाले तेव्हासुद्धा वाटली नव्हती.

माझ्या कामाची तुम्ही नेहमी थट्टा करता, माणूस चांगला का वागतो हे शोधायचा हिला पगार मिळतो म्हणून. त्या कामातलंच सांगते. या हिवाळ्यात आम्ही दिल्लीतच, द्वारकेच्या मेट्रो स्टेशनबाहेर एक प्रयोग केला. नाटकात काम करणारा अंबादास जिन्याशी पाय मुरगळल्यासारखा बसायचा आणि कण्हायचा, कधी हिंदीत, कधी मराठीत. कोण थांबतं ते आम्ही लांबून चित्रित करायचं. माणसाची नीती मुळात आपल्या टोळीपुरतीच वाढली असावी, असा एक तर्क आहे. पाच-सहा महिन्यांची तान्ही बाळंसुद्धा घरची भाषा बोलणाऱ्याकडे जास्त वेळ बघतात. वर्गात हे मी किती सहज सांगते.

स्टेशन तुमच्या घराजवळचं निवडलं आणि तुम्ही भाजीला तिकडूनच जाता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. "आई गं" ऐकून तुम्ही जिन्यावरच बसलात. अंबादासचा पाय मांडीवर घेतलात, पिशवीतली पाण्याची बाटली दिलीत, रिक्षा मिळेपर्यंत हलला नाहीत. त्या दिवशी फोनवर म्हणालात, "अगं, आपला एक माणूस पडला होता बिचारा." मी मनातल्या मनात फुशारले. मग आधीच्या आठवड्याचं चित्रण लावलं. तोच अंबादास, तोच सदरा, "भैया, उठा दो जरा, चला नहीं जा रहा" म्हणत होता. तुम्ही पाहिलंत, पिशवी दुसऱ्या हातात घेतलीत आणि वळसा घालून निघून गेलात. पुढच्या खेपेला तुम्हाला त्याचा चेहरासुद्धा ओळखू आला नाही.

ओळखीचं माणूस दिसलं की ते चित्रण दुसऱ्याकडे द्यायचं, असा आमचा नियम आहे. मी प्रतीककडे दिलं. तो खूश होऊन म्हणाला, "यार मयुरा, ये अंकल तो बिल्कुल हमारी थिअरी हैं." मी पाणी प्यायला उठून गेले.

आई होती तेव्हा कस्तुरबा गांधी मार्गावरच्या मराठी लोकांच्या गेस्ट हाउसमध्ये खोली न मिळालेले सगळे आपल्याकडे यायचे. सोलापूरचे हणमंतकाका बायकोच्या ऑपरेशनसाठी आले, तर तुम्ही आपला पलंग त्यांना देऊन कितीतरी दिवस हॉलमध्ये सतरंजीवर झोपलात. मला वाटायचं, माझे बाबा साऱ्या जगाचे आहेत. आता आठवायला बसते तर आपल्या घरी राहून गेलेल्यांत एकही परका आठवत नाही. खालच्या मिश्राजींची आई गेली तेव्हा आपलं दार लोटलेलंच होतं. तुम्हाला दोष देत नाही, बाबा. हे थोडंफार सगळ्यांत असतं, माझ्यातही असेल. एका प्रसंगावरून माणूस ठरत नाही, हेही मीच विद्यार्थ्यांना शिकवते. तेच स्वतःशी घोकत बसते.

विनय आणि मी मूल दत्तक घेतो आहोत. सगळं नक्की होईपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं. पानिपतच्या एका शिशुगृहातली मुलगी आहे, नुकतीच चालायला लागलेली. ती बसस्टँडवर सापडली. आईवडील कोण, जात कोणती, काही माहीत नाही. पुढच्या आठवड्यात तिला आणायचं आहे. आम्ही कामाला गेलो की दिवसभर तिने तुमच्याकडे राहावं, असं मनात आहे. तुमच्याशिवाय मला आहे तरी कोण? तिला दोन-चारच शब्द येतात, तेही सगळे तिकडच्या हिंदीतले. मराठी ती शिकेल, बाबा. पण शिकेपर्यंत कितीतरी वेळा पडेल, आणि तेव्हा घरात फक्त तुम्ही असाल.

तुमचीच,
मयुरा