नाव न विचारणारं छत्र

॥ श्री ॥
म्हैसूर, ४ फेब्रुवारी २०२५

चि. मधुमितेस, रघूत्तमाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. हातात फोन असताना भाऊबहीण पत्रं कशाला लिहितात, असं तुझ्या वहिनीने याही महिन्यात विचारलं. मीही नेहमीचंच उत्तर दिलं. महिन्याला एक पत्र आणि तेही मराठीत, हा अप्पांचा दंडक. तो मोडला तर माझी मराठी इथे सारूत विरघळेल आणि तुझी तिथे दालमखनीत.

आता काम. काम म्हणजे तक्रार. दिल्लीत बसून तुम्ही देशाच्या पर्यटन धोरणाची जी पोथी लिहिता, तिचं एक पान उडून आपल्या मुडलकट्ट्याच्या अन्नछत्रावर येऊन पडलं आहे. मागच्या वर्षी तू विचारलंस, अण्णा, छत्रात वर्षाला किती माणसं येतात? मी पडलो संस्कृतचा मास्तर, इथल्यांचा मेष्ट्रे. बहिणीने आकडा मागितला, दिला. त्याचं फळ म्हणजे मुडलकट्टे आता 'ग्रामीण पर्यटनस्थळ' झालं आहे. फाटकाशी निळी पाटी लागली. पाटीवर छत्राचं चित्र आहे आणि चित्रात हत्ती आहे. तो कुणाचा, कधी जेवायला आला होता, हे वनजाक्कांनाही माहीत नाही, आणि त्या बावीस वर्षं तिथे स्वयंपाक करताहेत.

पाटी मी सहन केली असती. पण पाटीपाठोपाठ नियम आला. जेवायला येणाऱ्या प्रत्येकाने आधी दाराशी नाव, गाव, मोबाइल नंबर नोंदवायचा. त्यासाठी टेबल, टॅब आणि 'अतिथी नोंदणी सहायक' असं पद. पदावर कोण, तर वनजाक्कांची लेक विद्याश्री. बी.कॉम. होऊन दोन वर्षं घरी होती. वनजाक्कांनी गावभर पेढे वाटले. मीही दोन खाल्ले, त्यामुळे तोंड उघडायला थोडा उशीर झाला.

तुला आठवण करून द्यायला नको, तरी देतो. सोसले गावाच्या वाटेवर पणजोबांनी छत्र बांधलं तेव्हा नियम एकच केला: जेवायला आलेल्याला नाव विचारायचं नाही. नावावरून गाव कळतं, गावावरून जात, आणि जात कळली की पंगत फुटते. एकशे दहा वर्षं हा नियम पाळला. २७ जानेवारीच्या सोमवारी तो मोडला आणि त्याच दिवशी आपल्या सोमवारच्या बाई दारातून परत गेल्या.

त्याच, उंच, डावा पाय किंचित ओढत चालणाऱ्या. बारा-तेरा वर्षं दर सोमवारी येतात, भिंतीकडच्या शेवटच्या पानावर बसतात आणि जेवून झालं की अर्धा तास चिंच निवडून देऊन मग जातात. वनजाक्कांनी आतून पाहिलं ते एवढंच की बाई टेबलाशी उभ्या होत्या, आणि मग वळल्या. काल सोमवार होता. कालही आल्या नाहीत. उघड आहे, भुकेल्या माणसाला आधी नाव विचारलं, त्यांना तो अपमान वाटला. विद्याश्रीला मी काही विचारलं नाही. पोरगी आधीच रडवेली झाली होती.

छत्राचं नाव यादीतून काढा, असं सांगायला मी जिल्ह्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या गृहस्थांनी आदराने बसवलं, कॉफी दिली आणि सांगितलं की यादीत येण्याचा अर्ज आहे, यादीतून जाण्याचा नाही. आपल्या शास्त्रांत मोक्षाचे निदान चार मार्ग तरी सांगितले आहेत. तेव्हा तूच काहीतरी कर.

कळावे. लोभ कमी करायचा झाल्यास आधी लेखी कळवावे.

तुझा,
रघूत्तम


दिल्ली, १५ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णास, मधुमितेचा शि. सा. न. वि. वि.

हत्ती मी पाठवलेला नाही. आम्ही धोरण लिहितो आणि पैसे देतो. अंमलबजावणी राज्याची, देखरेख जिल्हा समितीची, पाटी कंत्राटदाराची. हत्ती यांपैकी शेवटच्याचा. त्याने बहुधा एकच चित्र सगळ्या गावांना लावलं असेल. कोकणात कुठेतरी हाच हत्ती माडाखाली उभा असेल.

पण तू माझ्या पोथीला हसतोस ते मला आवडत नाही. अण्णा, देशाच्या उत्पन्नातले शंभरातले पाचएक रुपये फिरायला निघालेल्या माणसांमुळे येतात. कारखान्यात एका माणसाला कामाला लावायला जेवढा खर्च येतो, त्याहून कितीतरी कमी खर्चात इथे काम मिळतं, आणि ते विद्याश्रीसारख्या मुलींना, गाव न सोडता मिळतं. हमरस्त्यापासून छत्रापर्यंतचा रस्ता किती वर्षं मागत होतात? तो आता याच योजनेतून होतो आहे. नोंद कशाला, असं विचारशील. नोंद नसली तर अर्थखातं म्हणतं, माणसंच येत नाहीत, पैसे कशाला? पणजोबांना कुणापुढे हात पसरायचा नव्हता, म्हणून त्यांना नाव न विचारणं परवडलं.

बाई आजारी असतील, येतील. नाव विचारलं म्हणून कुणी उपाशी राहतं का? तू माणसांना धातुरूपांसारखं समजतोस, नियमाबाहेर गेली की लगेच अपवादांत टाकतोस.

आता माझी एक शंका. तुझ्या आकड्यावर मी टिपण लिहिलं आणि आमच्या साहेबांनी ते मोठ्या बैठकीत वाचून दाखवलं. एका खेड्यात वर्षाला सत्तेचाळीस हजार सातशे चाळीस पर्यटक, तेही सरकारचा पैसा न घेता! सगळे थक्क झाले. परवा नकाशा पाहताना मीही थक्क झाले. मुडलकट्ट्याला बसच्या चार फेऱ्या. एवढी माणसं येतात कशी? आणि अण्णा, मोजली कुणी?

वहिनीला नमस्कार. उत्तर लवकर दे, श्लोक घालू नकोस.

तुझी,
मधुमिता


म्हैसूर, ५ मार्च २०२५

चि. मधुमितेस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

श्लोक घालत नाही. घातला असता तर अपराधक्षमापनाचा घातला असता.

माणसं कुणीच मोजली नाहीत. जेवणाऱ्यांची डोकी मोजू नयेत, अन्नाला दृष्ट लागते, हे तू लहानपणी सीतालक्ष्मीकाकूंकडून चापट खाऊन शिकली आहेस. आपण मोजतो ती पानं. सकाळी किती पत्रावळी काढल्या, संध्याकाळी किती उरल्या. रोजच्या सरासरी एकशे चाळीस. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट, त्यांतल्या चोवीस एकादशा वजा. गुणाकार मी दोनदा तपासला होता. तू विचारलंस माणसं किती, मी सांगितली पानं किती, आणि दोन्ही एकच असं तेव्हा मला मनापासून वाटलं.

त्यामुळे तुमच्या यादीतले काही पर्यटक कोण आहेत ते सांगतो. वरुण्याहून दूध घेऊन येणारा विश्वेश रोज इथेच जेवतो. तो गेल्या वर्षी तीनशे एकेचाळीस वेळा पर्यटक झाला. एवढा फिरलेला माणूस देशात दुसरा नसेल. बसचा ड्रायव्हर आणि कंडक्टर, दोघेही तसेच. शाळेच्या दोन बाई. निवृत्त तलाठी पांडुरंगराव सुनेशी भांडण झालं की येतात, म्हणजे त्यांच्या बाबतीत पर्यटन हंगामी आहे. खरे वाटसरू दिवसाला पंधरा-वीस.

आता हसणं पुरे. पानं पन्नासवर आली आहेत. ऊसतोडीची माणसं टेबल बघून रस्त्यावरूनच पुढे जातात. सरकारी टॅबमध्ये नाव गेलं की पुढे काय निघेल, अशी त्यांना भीती. विश्वेशने पहिल्या दिवशी हौसेने दोनदा नाव दिलं, आता तोही डबा आणतो. आणि परवा बाईंचा पाचवा सोमवार चुकला. वनजाक्का दर सोमवारी भिंतीकडे त्यांचं पान मांडतात, तीन वाजता उचलतात आणि गाईला घालतात. मायलेकी एकमेकींशी या विषयावर बोलत नाहीत. वनजाक्का मला एवढंच म्हणाल्या, मेष्ट्रे, पोरीच्या पगाराचा तांदूळ घरात शिजतो, पण घशाखाली उतरत नाही.

रस्ता हवा, मला मान्य. विद्याश्रीचा पगारही मान्य. पण ज्या आकड्यावर हे सगळं उभं आहे तो चुकीचा आहे, आणि तो माझा आहे. दुरुस्त कर. यादीतून सुटायचा अर्ज नसला तर निदान चूक कबूल करायचा तरी असेल.

कळावे. लोभ असावा, निदान निम्मा तरी.

तुझा,
रघूत्तम


दिल्ली, २७ मार्च २०२५

ती. अण्णास, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग दार लावून रडले, मग टिपण लिहायला बसले. या क्रमात कुठेही तुझ्याबद्दल आदर नव्हता.

साहेब म्हणाले, छापून गेलेला आकडा दुरुस्त होत नाही, पुढच्या वर्षी तळटीप टाकू. शिवाय भेटी मोजतात, माणसं नाही, त्यामुळे तीनशे एकेचाळीस वेळा आलेला एकच माणूसही चालतो. मी म्हटलं, चालेल, पण तो घरून निघून प्रवासाला आलेला हवा, दूध घालायला नव्हे. ते म्हणाले, हे लेखी द्याल का? दिलं. आकड्याचा स्रोत: सख्खा भाऊ. मोजणीची पद्धत: पत्रावळी. स्वाक्षरी माझी. आता आमच्या मजल्यावर मला पत्रावळी मॅडम म्हणतात. पुढच्या पाच वर्षांच्या आराखड्याच्या समितीत माझं नाव होतं. ते काढलं. त्या कामाची मी सहा वर्षं वाट पाहत होते, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. तू विचारलंही नव्हतंस. तुझ्याकडे ती पद्धत नाही.

मुडलकट्टे यादीतून निघालं. पत्र राज्याकडे, तिथून जिल्ह्याकडे जाईल. रस्ता कालव्याच्या पुलापर्यंत झाला आहे म्हणतात, तो तिथेच थांबेल. नोंदणी बंद, पदही रद्द. विद्याश्रीला ते तू सांगायचंस. दिल्लीच्या सहीचा कागद येण्याआधी, समोर बसून. आणि बाई आल्या की मला कळव. एवढ्यानंतर त्या आल्याच पाहिजेत.

लोभ आहे, पण सध्या रागाच्या खाली ठेवला आहे. शोधावा लागेल.

मधुमिता


म्हैसूर, २३ एप्रिल २०२५

चि. मधुमितेस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

टेबल गेलं, टॅब गेला. पाटी आहे, कारण पाटी काढण्याचा वेगळा हुकूम लागतो. पानं पुन्हा सव्वाशेवर गेली. बाई आल्या नाहीत. परवा बारावा सोमवार.

शाळेला सुट्टी लागल्यापासून मी स्कूटरवरून शोधतो आहे. सोसले झालं, वरुणा झालं, कालव्याकाठची सात गावं झाली. प्रत्येक पारावर लोक आधी एकच विचारतात, नाव काय? मी सांगतो, उंच आहेत, पाय ओढतात, चिंच फार छान निवडतात. लोक माझ्याकडे दयेने बघतात. एकाने विचारलं, तुमच्या कोण लागतात? मी काय सांगणार? बारा वर्षं आमच्याकडे जेवल्या, एवढंच सांगता आलं. त्यावर तो म्हणाला, मग तुम्हालाच ठाऊक असणार.

विद्याश्रीला सांगायला मी उशीर केला. माझ्याआधी कागदच पोचला. ती आता हिनकलला एका हॉटेलात दाराशी बसते आणि येणाऱ्यांची नावं लिहून घेते. रोज दोन बसगाड्या बदलून जाते. काल तिथे गेलो, क्षमा मागायला. मागितली. तिने चहा मागवला आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा मी तिला विचारलं, त्या दिवशी दाराशी नेमकं काय झालं?

मधू, बाईंनी नाव सांगितलं होतं.

विचारल्याबरोबर सांगितलं. विद्याश्री म्हणते, आधी जरा हसल्या, पदर सारखा केला, आणि स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, गाव, सावकाश, शाळेत हजेरीला उभं राहून सांगावं तसं सांगितलं. तिने सगळं टॅबमध्ये घातलं. पुढचा रकाना मोबाइल नंबरचा. बाईंकडे फोन नाही. नंबराशिवाय तो फॉर्म पुढे जाईना. तिने दहा शून्यं टाकून पाहिली, चालली नाहीत. स्वतःचा नंबर टाकला, तर तो आधीच नोंदलेला आहे असं उत्तर आलं. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा भरलेलं सगळंच पुसलं गेलं. बाई वाकून बघत होत्या. लागलं का नाव, असं त्यांनी विचारलं. विद्याश्री म्हणाली, नाही लागलं अज्जी, राहू दे, तशाच आत जा, जेवा. बाई वळल्या.

म्हणजे कुणी त्यांना अडवलं नव्हतं; बारा वर्षांत पहिल्यांदा विचारलेलं नाव लागलं नाही, एवढंच. आणि नाव विचारल्याच्या अपमानाचं मी तुला पहिल्याच पत्रात केवढं वर्णन करून पाठवलं!

मी विचारलं, नाव काय होतं? विद्याश्रीने डोळे मिटून आठवून पाहिलं. त्या एका दिवसात तिने शंभरावर नावं घातली होती. गावाचं नाव चार अक्षरी होतं, एवढं तिला आठवतं. मग ती रडली, आणि हॉटेलच्या मॅनेजरने मला बाहेर बसायला सांगितलं.

तुझी समिती मी घालवली, हे मला कळलं आहे. तरी आणखी एक मागतो. ज्या नोंदी अर्धवट राहतात, पुढे जात नाहीत, त्या तुमच्या यंत्रात कुठे साठतात का? तारीख २७ जानेवारी, वेळ साडेबाराच्या सुमाराची. साहेबांना विचारून पाहा. अर्जाचा नमुना असेल तर पाठव, नसेल तर साध्या कागदावर लिहून देतो.

कळावे. राग वर असला तरी चालेल, उत्तर मात्र पाठव.

तुझा,
रघूत्तम