मान खाली घालून पाणी

आबाजी, तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली आणि मला तुमचा राग आज येऊन राहिला आहे. तुमच्या या नातवाने कॉलेज मधेच सोडलं. तुम्ही असते तर कानाखाली वाजवली असती. सध्या गोंदियाच्या एका मॅडमसोबत गावोगाव फिरतो. म्हाताऱ्या माणसांना गिळताना त्रास का होतो, यावर तिचं संशोधन आहे. ती त्यांना पाणी पाजते, ठसका लागतो का पाहते, वहीत लिहिते. मी रस्ता दाखवतो आणि उरलेला वेळ तिच्याकडे पाहत राहतो. तुमच्यापासून काय लपवू?

तिनेच सांगितलं, म्हातारपणी मान मागे टाकून प्यायलं तर पाणी श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. हनुवटी छातीकडे घेतली तर बऱ्याच जणांचं ते टळतं. मला तुम्हीच आठवले. तुम्ही तर लोटा उंच धरूनच प्यायचे. आई म्हणायची, "आबाजी, खाली पाहून प्या ना!" तुम्ही खेकसायचे, "तू नोको शिकवू मले." शेवटी डॉक्टरने न्यूमोनिया सांगितला आणि आम्ही थंडीला दोष दिला.

लोटा उंच का, ते घरात फक्त मला ठाऊक होतं. धानकापणीच्या दिवशी बांधावर बसून तुम्ही सांगितलं होतं: मालकाच्या अंगणात भांड्याला शिवायचं नाही, वाकून ओंजळ धरायची, ते वरून पाणी ओतायचे. "तवापासून पाण्यासाठी मान खाली नाही घातली, पोरा." तेव्हा माझी छाती फुगली होती. आज संताप येतो. घरच्या पाण्यापुढे कायले ताठा?

काल सौंदडला तुमच्या जुन्या दोस्ताकडे गेलो, तुमच्यासोबत त्याच अंगणात ओंजळ धरलेल्या. मॅडम म्हणाली, "बाबाजी, मान खाली घ्या."

"काऊन?"

"ठसका लागणार नाही."

"लागू दे. मरून नाही राहिलो मी!"

तिने वहीत लिहिलं, 'सांगितलेलं ऐकत नाहीत.' माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर ओरडलो, "खोडा ते! कारण विचारलं का?"

तिने पेन थांबवला. "मग तू सांग. लिहिते मी."

म्हातारा माझ्याकडे पाहत राहिला. तिच्या आजोळी त्या मालकासारखंच मोठं अंगण आहे. मोबाईलवर कौतुकाने दाखवलं होतं तिने. कारण ऐकून ती दूर गेली तर? वहीतलं वाक्य तसंच राहिलं. तिला सांगायचं ते आता तुम्हाला लिहून राहिलो, तेही तिच्याच वहीच्या कागदावर.

मग चहा आला, आबाजी. मी मान खाली घालून प्यायलो.