चिपसाठी तांब्याचा डबा

बेंगळुरू,
३ फेब्रुवारी २०२५

ती. आप्पा यांस,
स. जयभीम वि. वि.

फोनवर बोलण्यासारखं नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पुरावा राहतो, म्हणून पत्र. क्वांटम संगणकाची जी चिप मी तीन वर्षं खपून आखली, तिच्यावरचा शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव लॅबमधल्या वरदचं. माझं कुठेच नाही. आमच्या गाइड सरांना विचारलं तर म्हणाले, तू नुसत्या आकृत्या काढल्यास. माझं डोकं फिरलंय.

चिप ठेवायचा तांब्याचा डबाही मीच आखलाय; सरांनी तो कागलला आपल्याच वर्कशॉपला करायला दिलाय. ते तुमचं आहे, हे त्यांना ठाऊक नाही. स्क्रू पितळी सांगितलेत. तुम्ही पितळेचा मुलामा दिलेले लोखंडी घाला. अतिथंडीत चिपमधली वीज विनाअडथळा वाहते, पण शेजारी लोखंडाचं चुंबकत्व आलं की सगळं बिघडतं. मार्चमध्ये चिप चालवून दाखवतील तेव्हा पाहुण्यांसमोर सरांचं नाक कापलं जाऊ दे.

आईच्या गुडघ्याचं कळवा. माया आहेच, ती या कामातही दिसू द्या.

आपली लेक,
संघप्रिया

---

मंगळवार पेठ, कोल्हापूर,
११ फेब्रुवारी २०२५

चि. संघप्रिया हिस,
जयभीम व अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि त्या सराच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला. तुझी आत्या आक्काताई तर बेंगळुरूच्या गाडीची वेळ विचारत होती. तिला आवरताना नाकी नऊ आले.

लोखंडी स्क्रू आणलेही, मग ठेवून दिले. डबा बिघडला तर सर कागलच्या मिस्त्रीला नावं ठेवून मोकळा होणार, आणि नापास होणार ती चिप तुझीच की.

माझ्या बापाने फाउंड्रीत जन्मभर इंजिनाचे साचे केले. इंजिनावर नाव मालकाचं. म्हणून आपल्याकडे जॉब ज्याने आखला, त्याचं नाव आत अक्षरं उमटवायच्या पंचाने ठोकल्याशिवाय तो बाहेर पडत नाही. डबा बिनचूक केलाय. झाकणाच्या आत तुझं पूर्ण नाव इंग्रजीत ठोकलंय, चांगलं खोल. उघडतील तेव्हा समोर उभी राहा.

गुडघा बरा आहे. जेवणाकडे लक्ष दे, आणि आमच्यावरचा लोभ कमी करू नकोस.

तुझा,
आप्पा

---

बेंगळुरू,
१८ मार्च २०२५

ती. आप्पा यांस,
स. जयभीम वि. वि.

सरांनी पाहुण्यांसमोर ऐटीत झाकण उचललं. एका पाहुण्या बाईंनी नाव मोठ्याने वाचून ही कोण, असं विचारलं. मी पुढे झाले. वरदला चिपबद्दल दोन प्रश्न विचारले गेले, त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. उत्तरं मी दिली, तासभर. सरांचा चेहरा बघून माझं काळीज गार झालं. खोटं कशाला सांगू.

नंतर त्यांनी आमच्या तंत्रज्ञ निशाला नाव घासून टाकायला सांगितलं. तिने स्पष्ट सांगितलं, की घासलं तर डब्याची आतली खोली बदलेल, मोजमापं चुकतील. नाव तसंच राहिलं.

चिप उत्तम चालली. निबंधात दुरुस्ती करून दुसरं नाव माझं घालतो म्हणाले. मी पहिलं मागितलं आहे, संपादकांना पत्रही गेलंय. माफ वगैरे मी कुणाला केलेलं नाही.

इतका नेमका डबा इकडे कुणाला जमत नाही. त्यामुळे सरांना नाइलाजाने आणखी चार तुमच्याकडेच मागवावे लागलेत. पंच मोठा घ्या.

आत्याला नमस्कार. आहे तशीच माया राहू द्या.

आपली,
संघप्रिया