चौथ्या सामन्याचा शनिवार

फेल्डहोवन, मंगळवार

प्रिय दादा,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू हे पत्र न फोडताच टाकून देशील, अशी मला दाट शंका आहे. पण फोन तू उचलत नाहीस, मेसेजवर निळ्या खुणा तेवढ्या उमटतात. तेव्हा कृपा करून वाच. आणि हो, मी पुन्हा हेरगिरी केली आहे. जित्याची खोड!

बाबा माझ्याकडे येऊन दोन महिने झाले. पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या ओहायोतल्या कॉलेजची ईमेल आली, की १९५७च्या फुटबॉल टीमचे फोटो आणि कॉलेजच्या वर्तमानपत्राचे अंक वेबसाइटवर टाकलेत. आपण ज्यावर वाढलो तोच सीझन! हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा तो त्यांचा फुटबॉल, सात सामने, चार जिंकले, आणि आपले बाबा राखीव खेळाडू. मला वाटलं, आता शेजारच्या डच आजोबांनाही पकडून फोटो दाखवतील. कसलं काय! मी खोलीत शिरले की टॅबलेट पालथा. निहारने जावई म्हणून कौतुकाने विचारलं, तर डोळे चुरचुरतात म्हणाले. माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हातारपणी कुणी ऑनलाइन गंडवतंय की काय, इथपासून हे मुळात खेळलेच नव्हते की काय, इथपर्यंत सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं.

शेवटी ते निहारबरोबर अल्बर्ट हाइन सुपरमार्केटात भाजी आणायला गेले, तेव्हा मी टॅबलेट उघडला. सप्टेंबरच्या फोटोत बाबा आहेत, दाट कुरळ्या केसांचे. नोव्हेंबरच्या फोटोत मात्र सापडेनात. तीनदा शोधले. मग कडेला डोक्यावर जेमतेम खुंट वाढलेला एक मुलगा दिसला, आणि त्याचे कान आपल्या बाबांचे होते. आजी गेल्यावर त्यांनी तिथे डोकं भादरलं होतं, हे तर आपल्याला ठाऊकच आहे. दहा ऑक्टोबरला आजी गेली, अकराला तार पोचली, आणि बाबा दहा दिवस दूध-केळ्यांवर खोलीत बसून राहिले, सुतक पाळलं. ही गोष्ट तुझ्याइतकी कुणाला पाठ असणार?

दादा, चौथा सामना बारा ऑक्टोबरला होता. वर्तमानपत्रात छापलंय, की भारतीय विद्यार्थी त्या शनिवारी पहिल्यांदा मैदानात उतरला, आदल्याच दिवशी आई वारल्याची तार आलेली असताना.

मी अंक तसाच उघडा ठेवून टेबलाशी बसले. बाबा भाजीची पिशवी घेऊन आत आले, त्यांनी बघितलं, आणि ओरडले नाहीत. तीन शनिवार बाकावर काढले होते, म्हणाले. त्या दिवशी कोच म्हणाला, आज हवं तर बसून राहा, पण माझं नाव आधीच पुकारलं गेलं होतं आणि मला खेळायचं होतं. बोट महिनाभराची, घरी पोचून काय होणार होतं? सामना संपल्यावर त्याच संध्याकाळी न्हाणीघरात त्यांनी स्वतःच वस्तऱ्याने डोकं भादरलं, आणि आजोबांना पत्र लिहिलं की सुतक पाळतो आहे. आजोबांना ते खरं वाटलं. पुढे आपल्यालाही. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस माझ्या स्वयंपाकघरात हमसून हमसून रडला, आणि मला त्यांचा राग आला, फार राग आला. कारण आई गेल्यावर चौथ्या दिवशी तू आतल्या खोलीत दार लावून ऑफिसची मीटिंग घेतलीस, म्हणून याच सुतकाच्या गोष्टीने त्यांनी तुला सगळ्या नातेवाइकांदेखत झोडपलं होतं. सहाव्या दिवशी तू निघून गेलास, दहाव्यालाही थांबला नाहीस. दोन वर्षं झाली.

बाबांचं भारतात परतायचं विमान रविवारी आहे. पुन्हा इतका प्रवास त्यांना झेपेल असं डॉक्टरांना वाटत नाही. शनिवारी दुपारी मी त्यांना घेऊन बुइटनव्हेल्डर्टला तुझ्या दाराशी येते आहे. ते स्वतःहून म्हणाले, मला अभिरामकडे ने. पण त्याआधी तुला एक सांगायला हवं, म्हणून हे पत्र. बंद दारामागे तू मीटिंग घेतोयस, हे बाबांना कुणी सांगितलं, याचा तू आजवर काकांवर संशय धरलास. काकांनी नाही. दाराला कान लावून मीच ऐकलं होतं, आणि मीच जाऊन सांगितलं. तेव्हा दार उघडशील तर काय बोलायचं ते मला बोल. बाबांना आत घे.

तुझीच,
ईशानी